वॉरंटी संपल्यावर कीपॅड बंद पडला? फोन उघडण्याआधी मेलेली बटणं मोजा

बटणांच्या फोनचा कीपॅड सहसा एका दिवसात मरत नाही. आधी एखादं बटण दोनदा दाबावं लागतं, मग अंगठ्याचा जोर लावावा लागतो, मग शेजारचं बटण बिघडतं आणि एक दिवस अर्धा कीपॅड गप्प होतो. तोवर वॉरंटी संपलेली असते. (ती असती तरी पाण्याने झालेला बिघाड तिच्यात सहसा बसत नाही.) फोन कुणाला दाखवला की "आयसी गेला" किंवा "बोर्ड गेला", म्हणजे फोनची चिप किंवा ती बसवलेली सर्किटची पाटीच निकामी झाली, असं उत्तर मिळतं. बहुतेक वेळा ते घाईचं निदान असतं. बोट आणि आयसी यांच्यामध्ये रबर, टिकली (बटणाखालची स्टीलची फुगीर चकती), पॅड (टिकलीखालची बोर्डवरची संपर्काची जागा) आणि लाइन (पॅडपासून आयसीपर्यंतची विजेची वाट) असे टप्पे आहेत, आणि बिघाड बहुधा पहिल्या तीन टप्प्यांतच सापडतो. नेमका कुठे, याचा बराचसा अंदाज स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता येतो. त्यासाठी लागतो एक कागद आणि पाच मिनिटं.

टचस्क्रीनवरचा कीबोर्ड हे वेगळं प्रकरण आहे, ते इथेच उरकून टाकू. कीबोर्ड वर येतच नसेल तर फोन रीस्टार्ट करा, सेटिंग्जमध्ये ॲप्समध्ये जाऊन कीबोर्ड ॲप फोर्स स्टॉप करा आणि त्याचा कॅशे साफ करा, स्टोरेज गच्च भरलंय का ते बघा. कीबोर्ड दिसतो पण काही अक्षरंच उमटत नसतील तर फोन आडवा धरून स्क्रीन फिरू द्या. आता दुसरी अक्षरं बंद झाली आणि काचेवरची मेलेली जागा तीच राहिली, तर दोष टचच्या काचेत आहे, कीबोर्डमध्ये नाही. इथून पुढचं सगळं खऱ्या, दाबायच्या बटणांबद्दल.

## लक्षणं आणि त्यांचा अर्थ

- 'टक्' जाणवतं, पण पडद्यावर काही येत नाही. टिकली शाबूत आहे, संपर्क होत नाही. पॅडवर घाण किंवा कार्बन बसलेला असतो, नाहीतर लाइन तुटलेली असते.
- 'टक्' होतच नाही, बटण मऊ लागतं किंवा खोल जातं. टिकली चपटी झाली, तडकली किंवा जागेवरून सरकली. क्वचित रबराचा खालचा उंचवटा झिजलेला असतो.
- एक दाबलं की दोन अंक येतात, किंवा भलताच अंक येतो. दोन लाइन ओलाव्याने किंवा घाणीने एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत.
- कुणी हात न लावता अंक उमटतात, मेनू सरकत राहतो. एखादं बटण आतून दाबलेलंच राहिलं आहे. अशा वेळी बऱ्याच फोनमध्ये बाकीची बटणंही बंद वाटतात, कारण फोनच्या लेखी एक बटण अजून सुटलेलंच नसतं.
- तीन-चार बटणं एकदम बंद, बाकी ठणठणीत. जवळपास नक्की एका लाइनचा दोष.
- सगळी बटणं बंद, पण फोन चालू-बंद होतो. कीपॅड लॉक, अडकलेलं बटण, निसटलेला कनेक्टर किंवा शॉर्ट झालेली लाइन. आयसीचा नंबर सगळ्यात शेवटी.
- बॅटरी घालताच फोन आपोआप सुरू होतो, किंवा सारखा बंद होऊन सुरू होतो. चालू-बंदचं बटण, म्हणजे बहुतेक फोनमध्ये कॉल कापायचं लाल बटण, अडकलं आहे.
- बटणांखालचे दिवे लागत नाहीत, पण बटणं चालतात. हा कीपॅडचा बिघाड नाही. दिव्यांचं सर्किट वेगळं असतं. उलटही खरं: दिवे लागतात म्हणून कीपॅड ठीक आहे असं होत नाही.

## बटण दाबल्यावर आत काय होतं

एवढं समजलं तर पुढच्या निम्म्या तपासण्या आपोआप सुचतात.

वर दिसणारा भाग रबराचा किंवा प्लास्टिकचा. त्याच्या पोटाला प्रत्येक बटणाखाली एक बारीक उंचवटा. त्याखाली डोम शीट: पारदर्शक चिकट कागदासारखी पातळ फिल्म, आणि तिच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या स्टीलच्या फुगीर टिकल्या, सहसा ४ ते ५ मिमी व्यासाच्या. प्रत्येक टिकलीखाली बोर्डवर सोन्याचा मुलामा दिलेला पॅड असतो. बाहेर एक वर्तुळ, मध्ये एक ठिपका. टिकलीची कड वर्तुळावर टेकलेलीच असते. बटण दाबलं की तिचं पोट आत दबून ठिपक्याला लागतं. 'टक्' हा आवाज त्या दबण्याचाच. वर्तुळ आणि ठिपका जोडले गेले, की बटण लागलं.

आता खरी मेख. प्रत्येक बटणाला आयसीपर्यंत स्वतंत्र तार नसते. बटणं जाळीत बांधलेली असतात: समजा ५ आडव्या लाइन आणि ५ उभ्या लाइन, म्हणजे अवघ्या १० लाइनींवर २५ बटणं. फोन एकेक आडवी लाइन आळीपाळीने तपासतो आणि त्या क्षणी कुठली उभी लाइन तिला जोडली गेली ते वाचतो. म्हणून एक लाइन तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात, आणि एकच बटण गेलं असेल तर लाइन शाबूत धरून टिकली-पॅडकडे बघायचं.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना चकवते. 'आडवी लाइन' म्हणजे डोळ्यांना दिसणारी १, २, ३ ही ओळ असेलच असं नाही. बोर्ड आखणाऱ्याला जागा मिळेल तशा लाइनी फिरवलेल्या असतात. २, ६, # आणि डावं सॉफ्ट बटण (पडद्याच्या लगेच खालचं) अशी विखुरलेली चौकडी एकाच लाइनवर असू शकते. त्यामुळे बंद बटणं विखुरलेली आहेत म्हणून चार वेगळे बिघाड आहेत असं समजू नका.

लाल बटण बहुतेक फोनमध्ये या जाळीबाहेर असतं. ते थेट पॉवरच्या आयसीकडे जातं. सगळा कीपॅड मेला आणि हे एकच बटण चालतं, यात म्हणूनच नवल काही नाही.

## फुकटच्या तपासण्या

लॉक, हेडफोन, सिम. ऐकायला पोरकट वाटेल, पण इथूनच सुरुवात करा. कीपॅड लॉक उघडायचे दोन नेहमीचे मार्ग म्हणजे मधलं किंवा डावं बटण दाबून लगेच *, किंवा * बराच वेळ दाबून धरणं. पडद्यावर कुलपाची खूण आहे का बघा. मग फोन बंद करून बॅटरी, सिम, मेमरी कार्ड काढा, चार्जर आणि हेडफोन उपसा, मिनिटभर थांबा आणि फक्त बॅटरी घालून सुरू करा. हेडफोन न लावताही त्याची खूण पडद्यावर दिसत असेल तर त्याच्या जॅकमध्ये कचरा किंवा ओलावा आहे. हेडफोनच्या बटणाचे खोटे इशारे फोनला मिळत राहतात आणि दोष कीपॅडवर येतो.

बटणांचा नकाशा. कागदावर कीपॅड जसाच्या तसा काढा. प्रत्येक बटण पाच वेळा दाबा आणि चार खुणांपैकी एक करा: चालतं, कधी कधी चालतं, अजिबात नाही, भलतंच येतं. 'टक्' होतो की नाही हेही शेजारी लिहा. एक झटपट परीक्षा म्हणजे *#०६# दाबणं. पडद्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आला तर *, #, ० आणि ६ ही चार बटणं एका दमात तपासून झाली. हा कागद जपून ठेवा. उघडून, पुसून, परत जोडल्यावर नेमकं काय सुधारलं हे याच्याशिवाय कळत नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे जायची वेळ आली तर त्याचाही अर्धा तास वाचतो.

नंबर वाचवा. अजून काही बटणं चालत असतील तर आत्ताच फोनमधले नंबर सिमवर कॉपी करा. बहुतेक सिममध्ये २५० च्या आसपास नंबर बसतात. उद्या मेनूचं बटणही गेलं तर फोनच्या मेमरीतले नंबर आत अडकतील. सिमवरचे नंबर दुसऱ्या फोनमध्ये सिम घातलं की मिळतात, त्यांची काळजी नाही. दरम्यान कॉल घेता येत नसेल तर बटणवाला वायरचा हेडफोन लावा. बऱ्याच फोनमध्ये त्या बटणाने कॉल उचलता येतो.

बॅटरी फुगली आहे का? ही तपासणी जवळपास सगळेच विसरतात. बटणांच्या फोनमध्ये बॅटरी अनेकदा कीपॅडच्या बरोबर मागे असते. ती फुगली की बोर्डला मागून रेटा बसतो, बोर्ड किंचित वाकतो आणि मधली बटणं दाबलेली राहतात, नाहीतर कडेची लागत नाहीत. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी गरगरली तर ती फुगली आहे. ती दाबून बसवू नका, टोचू नका, पुन्हा चार्जही करू नका; ई-कचऱ्यात द्या. दुसरी बॅटरी घालून बघितल्यावर कीपॅड पूर्ववत झाला तर पुढचं काही वाचायची गरज नाही. मागचं झाकण जाड किंवा दुसऱ्याच मॉडेलचं असेल तरी असाच दाब पडतो, म्हणून एकदा झाकणाशिवायही तपासा.

बाहेरून सफाई. कोरडा मऊ दात घासायचा ब्रश बटणांच्या फटींतून फिरवा, फोन उलटा धरून. कॅमेऱ्याची लेन्स झटकायचा रबरी फुगा असेल तर उत्तम. अडकलेली बटणं एवढ्याने सुटतात कधी कधी. फटींत कुठलाही द्रव टाकू नका: आत गेलेली घाण विरघळून टिकल्यांखाली पसरते आणि एका बटणाचा बिघाड चारांचा होतो.

सेटिंग्ज रीसेट. मेनूतून 'फॅक्टरी सेटिंग्ज' केल्याने कीपॅड सुधारल्याची शक्यता कमीच, पण सगळी बटणं एकदम बंद झाली असतील, फोन पडलेला नसेल, भिजलेला नसेल, तर करून बघायला हरकत नाही. काही फोनमध्ये या कामात नंबर आणि मेसेजही पुसले जातात, म्हणून नंबर वाचवायचं काम आधी. एकच बटण किंवा एकच गट बंद असेल तर या वाटेला जाऊच नका. सॉफ्टवेअर एकट्या ५ वर रुसत नाही.

## फोन उघडून: सफाई

बहुतेक बिघाड इथे मिटतात, म्हणून इथे घाई करू नका.

लागणारं सामान: फोनच्या स्क्रूला बसणारा ड्रायव्हर (बारीक चौफुली, किंवा टी५-टी६ चा सहा पाकळ्यांचा), प्लास्टिकची पातळ चकती किंवा जुनं कार्ड, चिमटा, मऊ ब्रश, कापसाच्या काड्या, मऊ पांढरा खोडरबर आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. या शेवटच्या वस्तूत तडजोड नको. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते चिकट थर सोडतं. थिनर आणि पेट्रोल प्लास्टिक व चिकट फिल्म खातात. गंज सोडवायचा स्प्रे तेलकट पडदा मागे ठेवतो. दोन दिवस बरं वाटतं आणि मग त्या तेलावर धूळ बसते.

बॅटरी, सिम, कार्ड बाहेर. स्क्रू काढताना कागदावर फोनची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आणि आखूडाच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो थेट बोर्डात घुसतो. एखाद्या स्क्रूवर सीलचा कागद असेल तर वॉरंटी खरंच संपली आहे ना, बिलावरची तारीख एकदा बघून घ्या. बॅटरीच्या खोबणीत किंवा बोर्डवर एक छोटा पांढरा ठिपका असतो. तो लाल किंवा गुलाबी झाला असेल तर फोनमध्ये पाणी गेलं होतं, मालकाला आठवत असो वा नसो.

बॉडी कडेने चकती फिरवून उघडा. पडद्याच्या बाजूने लोखंडी वस्तू घालू नका. पडद्याची पट्टी तिथेच असते.

रबर आधी बाहेर काढा. ते कोमट साबणपाण्यात धुवून पूर्ण वाळवलं तरी चालतं, त्यात विजेचं काही नसतं. पालथं करून उंचवटे बघा. चालत नसलेल्या बटणाचाच उंचवटा झिजलेला किंवा तुटलेला असेल तर उत्तर मिळालं: फक्त रबर बदला. उंचवट्याला कागदाचा तुकडा चिकटवून काम भागतं, पण तो सरकतो; चार दिवसांच्या सोयीपलीकडे त्याची किंमत नाही.

रबर बाजूला असताना शीटवरूनच प्रत्येक टिकली पेन्सिलच्या मागच्या टोकाने दाबा. सगळ्या सारख्याच टकटकल्या पाहिजेत. जी मुकी आहे किंवा मधोमध नाही तिच्यावर खूण करा.

आता डोम शीट. सफाईत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. एका कोपऱ्यातून चिमट्याने धरून, बोर्डला जवळपास समांतर ठेवत, हळू हळू सोडवा. सरळ वर ओढली तर फिल्म दुमडते, आणि जिथे घडी पडली तिथली टिकली पुन्हा नीट बसत नाही. चिकट बाजूला बोट लावू नका. सोडवलेली शीट पालथी, धूळ नसलेल्या जागी ठेवा.

बोर्डवरचे पॅड उजेडात तिरके धरून बघा. सोनेरी चकाकी म्हणजे ठीक. काळपट थर म्हणजे कार्बन. दुरुस्तीवाले त्याला हेच म्हणतात. हिरवट-निळसर म्हणजे मुलाम्याखालचं तांबं गंजलं आहे. पांढरी पूड म्हणजे पाणी वाळून मागे राहिलेले क्षार.

सफाई या क्रमाने करा:

१. कोरड्या ब्रशने पूड झटका.
२. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून, काडी टपकणार नाही इतपतच, प्रत्येक पॅड गोल फिरवत पुसा. काडी काळी झाली की नवी घ्या, नाहीतर तीच घाण पुढच्या पॅडवर जाते.
३. कार्बन निघाला नाही तर खोडरबराच्या कोपऱ्याने चार-पाच हलके हात मारा. कण झटकून पुन्हा अल्कोहोल.
४. दहा-पंधरा मिनिटं उघडं वाळू द्या.

ब्लेड, सुई, पॉलिश पेपर अजिबात नको. मुलामा अतिशय पातळ असतो, मायक्रॉनच्याही अंशात. तो खरवडला की त्या क्षणी पॅड लखलखीत दिसतो, बटणही चालतं, आणि काही आठवड्यांत उघडं पडलेलं तांबं काळं पडून बिघाड परत येतो, या वेळी कायमचा. शिसपेन्सिल घासायचा उपायही इथे चालत नाही. रिमोटच्या रबराखाली काळी कार्बनची गोळी असते, तिच्यावर तो थोडाफार उपयोगी पडतो. फोनच्या पॅडवर मात्र ग्राफाइटची भुकटी वर्तुळ आणि ठिपक्याच्या मधल्या फटीत बसते आणि बटण कायम दाबलेलं ठेवते.

टिकल्यांच्या आतल्या बाजूला ओलसर काडीचं फक्त टोक लावा. अल्कोहोल चिकट थराला लागलं की चिकटपणा जातो आणि टिकली सरकायला लागते.

शीट परत लावण्याआधी एक परीक्षा, जिच्यासारखी दुसरी नाही. अनेक फोनमध्ये पुढची बाजू उघडी ठेवून बॅटरी घालता येते. फोन सुरू करा (लाल बटणाच्या वर्तुळ-ठिपक्याला चिमटा लावून तो सुरू होतो) आणि मग एकेका पॅडचं वर्तुळ व ठिपका चिमट्याच्या टोकाने जोडा. चिमटा शेजारच्या कुठल्याही भागाला लागू देऊ नका.

चिमट्याने सगळी बटणं लागली तर बोर्ड निर्दोष आहे. शीट किंवा रबर बदला, विषय संपला. शीट नसतानाही अंक आपोआप उमटत असतील तर शॉर्ट बोर्डवर आहे. चिमट्यानेही काही बटणं मुकीच राहिली तर ती नकाशावर ताडून बघा: एक असेल तर त्याचा पॅड किंवा त्याच्याकडे जाणारा तुकडा, गट असेल तर लाइन.

## डोम शीट बदलणं

जुनी शीट पुसून परत लावण्यापेक्षा नवी लावणं मला नेहमीच बरं वाटतं. एकदा उखडलेला चिकट थर धूळ धरतो आणि त्याची पकड अर्धी झालेली असते. शीट त्याच मॉडेलची हवी. टिकल्यांच्या जागा मिलीमीटरभर जरी इकडेतिकडे असल्या तरी कड वर्तुळाबाहेर पडते.

नवी शीट कागदावरून चिमट्याने उचला. तिला बहुधा दोन भोकं किंवा खाचा असतात. त्या बोर्डवरच्या खुणांवर आणून आधी एकच कड टेकवा, प्रत्येक टिकली वर्तुळाच्या मधोमध येते का ते बघा, मगच बाकीची हळूहळू सोडा. वाकडी बसली तर लगेच उचला, दाबून जुळवायला जाऊ नका. शेवटी टिकल्यांच्या मधल्या जागा बोटाने दाबून घ्या. टिकल्यांखालची हवा ये-जा करायला शीटमध्ये बारीक वाटा ठेवलेल्या असतात. वरून आणखी चिकटपट्टी लावून त्या बंद केल्या की बटणं कडक लागतात.

जोडताना स्क्रू हाताला अडेपर्यंतच पिळा, आणि समोरासमोरचे आळीपाळीने. आवळून पिळलेल्या एका कोपऱ्याने बोर्ड वाकतो आणि जवळचं बटण पुन्हा दाबलेलं राहतं. नवी शीट लावूनही बिघाड तसाच असेल तर एकेक स्क्रू अर्धा फेरा सैल करून बघा.

## फोल्डिंग, स्लायडर आणि वेगळ्या कीपॅड-बोर्डचे फोन

इथे कीपॅडचं बोर्ड मुख्य बोर्डला लवचीक पट्टीने जोडलेलं असतं. फोन एका ठरावीक कोनात उघडला की बटणं चालतात आणि दुसऱ्या कोनात बंद पडतात, किंवा बटणांबरोबर पडदा वा स्पीकरही आचके देतो, तर पट्टीच तुटत आली आहे. कनेक्टर एकदा सोडवून, अल्कोहोलने पुसून, सरळ दाबून बसवा. पडलेल्या फोनमध्ये तो नुसता निसटलेला असणं अगदी नेहमीचं. पट्टीवर घडीची पांढरी रेघ दिसली तर ती बदलायची. तिच्यावर डाग द्यायचा प्रयत्न व्यर्थ, पुढच्या उघडझापीत शेजारी तुटते.

## मल्टिमीटर असेल तर

बॅटरी बाहेर. मीटर डायोडच्या खुणेवर. लाल प्रोब चार्जिंग सॉकेटच्या धातूच्या अंगावर किंवा पत्र्याच्या शील्डवर, आणि काळा प्रोब एकेका पॅडच्या वर्तुळावर व ठिपक्यावर. जाळीतल्या लाइनींवर साधारण ०.३ ते ०.७ च्या दरम्यान आकडा दिसतो. नेमका आकडा महत्त्वाचा नाही. सगळ्या लाइनींवर तो जवळपास सारखा असणं महत्त्वाचं. लाल बटणाचा पॅड या तुलनेत धरू नका.

- एखाद्या पॅडवर आकडाच नाही, मीटर उघडं दाखवतं: त्या पॅडपासून आयसीपर्यंत लाइन तुटली आहे.
- शून्याच्या जवळ: लाइन ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या उणे टोकाशी जोडलेल्या भागाला, शॉर्ट आहे.
- इतरांपेक्षा ठळकपणे कमी: गळती. पाण्याचा डाग, किंवा लाइनवरचा संरक्षक सुटा भाग खराब.

तुटलेल्या लाइनचा शोध सोपा असतो. त्याच लाइनवरच्या दुसऱ्या, चालू बटणाच्या पॅडवर आकडा येतो पण मेलेल्या पॅडवर येत नाही, म्हणजे तुटल्याची जागा या दोघांच्या मध्ये आहे. हिरवट डाग असलेला, बोर्डमधून आरपार जाणारा बारीक छिद्राचा सांधा तिथेच सापडतो.

शॉर्ट किंवा गळती असेल तर कीपॅडच्या लाइनींवर बसवलेले बारीक व्हॅरिस्टर किंवा फिल्टरचा आयसी संशयित. अंगातून येणाऱ्या स्थिर विजेपासून मुख्य आयसीचं रक्षण करणं हे त्यांचं काम. भिजलेल्या फोनमध्ये ते बिघडून लाइन खाली ओढून धरतात. व्हॅरिस्टर लाइन आणि ग्राउंडच्या मध्ये असतो, त्यामुळे तो उचलला तरी बटणं चालतात, संरक्षण तेवढं कमी होतं. फिल्टर मात्र लाइनच्या वाटेत बसलेला असतो. तो नुसता काढून टाकला तर लाइनच तुटते, जंपर घालावा लागतो, म्हणजे दोन्ही टोकं बारीक तारेने जोडावी लागतात.

## भिजलेला फोन

आधी बॅटरी बाहेर, मग बाकी सगळं. पाण्याने फोन मरत नाही. पाणी आणि वीज एकत्र आल्याने तांबं झपाट्याने गंजतं. फोन तांदळात पुरून उपयोग नाही: पाणी वाळेल, क्षार आतच राहतील, आणि हवा दमट झाली की तेच क्षार पुन्हा ओलावा धरून बटणं बिघडवतील. म्हणूनच "वाळवला तेव्हा चालला, महिन्याने बंद पडला" ही तक्रार इतकी ऐकू येते. बोर्ड उघडून अल्कोहोल आणि ब्रशने धुवावा लागतो. त्याआधी पडदा, माइक, स्पीकर, कॅमेरा आणि डोम शीट काढून. मग हवेशीर जागी २४ तास. हेअर ड्रायरची गरम हवा नको, चिकट थर आणि पडदा दोन्ही बिघडतात.

## इथे थांबा

पुढच्या कुठल्याही गोष्टीपाशी पोचलात की हत्यारं खाली ठेवा आणि जाणकाराकडे जा:

बॅटरी फुगलेली आहे आणि बाहेर निघत नाही. फोन गरम होतो किंवा जळका वास येतो. मीटर लाइन तुटल्याचं किंवा शॉर्ट असल्याचं सांगतं आणि तुम्ही कधी ०.०२ मिमीच्या लॅकर लावलेल्या तारेचा जंपर मारलेला नाही. केसाहून बारीक तार, त्याहून बारीक जागा, पहिला प्रयोग स्वतःच्या फोनवर नको. दोष पत्र्याच्या शील्डखाली गेला आहे. किंवा फोनच्या मेमरीतले नंबर आणि फोटो फोनपेक्षा मोलाचे आहेत.

जाणकाराला नकाशाचा कागद द्या आणि काय काय केलं ते खरं सांगा, विशेषतः पाणी गेलं असेल तर. सिम आणि कार्ड घरी ठेवा. बोर्डवर सरळ गरम हवा मारून "आयसी हीट करू" असं पहिलंच उत्तर आलं तर आधी विचारा, लाइन मोजल्या का? गरम केल्याने कधी कधी सांधा तात्पुरता जुळतो, पण शेजारचं प्लास्टिक आणि कनेक्टर वितळायचा धोका असतो, आणि मूळ दोष गंजाचा असेल तर तो तिथेच राहतो. सगळ्या लाइन शाबूत, पॅड स्वच्छ, शीट नवी आणि तरीही बटणांचा एक गट बंद, तर मुख्य आयसीखालचा सांधा गेलेला असू शकतो. तो काढून पुन्हा बसवता येतो, पण साध्या फोनसाठी ते काम करू नये असंच माझं मत. तेवढ्या खर्चात दुसरा फोन येतो. पूर्ण बोर्ड बदलला तर फोनचा आयएमईआयही बदलतो, हे लक्षात असू द्या.

काम झाल्यावर फोनची बॉडी बंद करण्याआधी प्रत्येक बटण दहा वेळा दाबा, ० दाबून धरल्यावर + येतो का बघा, लाल बटणाने बंद-चालू करा, आणि जुन्या नकाशावर ताडून घ्या. मग बॅटरी पूर्ण भरून फोन रात्रभर न वापरता ठेवा. सकाळी चार्ज बराच उतरलेला असेल तर कुठेतरी एक लाइन अजून गळते आहे: फोन पुन्हा उघडून पॅडच्या आसपास ओल किंवा खोडरबराचे कण राहिलेत का ते शोधा.